सिंदखेडच्या जाधवरावांना मारून निजामशहाने काय साधले?

12 जानेवारीला सिंदखेडराजा फुलून जातो, तो जिजाऊंच्या जन्मस्थळामुळे. त्याच गावात त्यांचे वडील लखुजीराव जाधव यांची भव्य समाधी आहे. एका सुलतानाचे परराष्ट्रधोरण कसे फसले, याची गोष्ट त्या समाधीशी जोडलेली आहे.

मोगलांना दक्षिणेत पाय रोवू द्यायचा नाही, एवढाच अहमदनगरच्या निजामशाहीचा हेतू होता. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तो बराच काळ तडीस नेला, मराठा घोडदळाच्या जोरावर. पण घोडेस्वार सुलतानाचे नसत, सरदारांचे असत. सरदार फिरला की पथकेही फिरत. लखुजीराव असेच मोगलांकडे गेले आणि 1624 साली भातवडीला अंबरच्या विरुद्ध उभे राहिले. लढाई अंबरने जिंकली. दोन वर्षांनी तो वारला.

पुढे लखुजीराव निजामशाहीत परतले, पण दरबारातला संशय काही गेला नाही. तो अगदीच बिनबुडाचा होता, असे मी म्हणणार नाही. पण उपाय काय केला? 25 जुलै 1629 रोजी दौलताबादच्या दरबारात बोलावून लखुजीराव, त्यांचे मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची कत्तल केली. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या.

उरलेले जाधव मोगलांना मिळाले. लखुजीरावांचे जावई शहाजीराजेही काही काळ तिकडे गेले. त्यातच शाहजहानवर उलटलेल्या खानजहान लोदीला निजामशहाने आसरा दिलेला. 1630 साली बादशहा स्वतः बऱ्हाणपुरात येऊन ठाकला, आणि त्याला अडवणारी फळी तर आपल्याच हातांनी मोडलेली! वर दुष्काळ पडला, तो वेगळाच.

डाव फसलेला निजामशहा काही पहिलाच नव्हता. इंग्लंडचा आठवा हेन्री 1544 मध्ये फ्रान्सवर चालून गेला, तेव्हा त्याचा दोस्त सम्राट चार्ल्स याने फ्रान्सशी परस्पर तह करून टाकला. हेन्रीला निदान दोस्ताला दोष देता आला. निजामशहाला तीही सोय नव्हती.

अंबरच्याच मुलाने, फत्तेखानाने, त्याला कैद करून ठार केले. 1633 साली दौलताबाद पडले. शहाजीराजांनी दुसरा एक बाल निजामशहा गादीवर बसवून झुंज दिली. अखेर 1636 साली माहुली किल्ल्यावर तो मुलगा मोगलांच्या हवाली करावा लागला, आणि निजामशाहीचा मुलूख मोगल व आदिलशहा यांनी वाटून घेतला.