विद्यार्थिनींच्या चिकटवह्या

डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी घेत्या झाल्या, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. ज्या अमेरिकेंत त्या शिकल्या, तेथील स्त्रीशिक्षणाची कथा बहुधा सनावळीच्या रूपानें सांगितली जाते. व्हॅसर कॉलेज १८६५ सालीं उघडलें, स्मिथ व वेल्स्ली १८७५ सालीं, ब्रिन मॉर १८८५ सालीं. परंतु या कॉलेजांत मुली राहात कशा, खेळत-हसत कशा, हें सनावळीवरून कळत नाहीं. तें कळतें त्यांच्या चिकटवह्यांवरून.

विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील वसतिगृहांत राहणाऱ्या पुष्कळ मुली एक जाडजूड वही बाळगीत व हातीं येईल तें तींत डकवीत. नाटकाचें कार्यक्रमपत्रक, आगगाडीचें तिकीट, घरची तार, वाळलेलें फूल, नृत्यांतील जोडीदारांचीं नांवें टिपण्याची चिमुकली पुस्तिका, असा तो संग्रह असे. १९०० सालीं ब्राउनी कॅमेरा अवघ्या एका डॉलरला मिळूं लागला, तेव्हां मुलींनीं स्वतः टिपलेलीं मैत्रिणींचीं छायाचित्रेंही त्यांत आलीं. हा छंद मोठा लोकप्रिय होता. प्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनीं तर आधींच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचें पेटंट १८७३ सालीं घेतलें होतें.

योगायोग असा कीं, त्याच १८७३ सालीं बोस्टनचे डॉ. एडवर्ड क्लार्क यांचें एक पुस्तक प्रसिद्ध झालें. मुलांच्या बरोबरीनें अभ्यास केल्यास मुलींची प्रकृति ढासळेल व त्यांच्या मातृत्वास बाध येईल, असें त्यांत प्रतिपादिलें होतें. या मताचा धसका अनेक वर्षें टिकला, आणि म्हणूनच स्त्रियांच्या कॉलेजांनीं व्यायामावर विशेष भर दिला. स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन यांनीं बास्केटबॉल आणला व १८९३ सालीं दोन वर्गांचा सामना झाला. प्रेक्षकांत पुरुषांना मज्जाव होता! चिकटवह्यांतून क्रीडासंघांचीं चित्रें आणि सामन्यांचीं पत्रकें दिसतात, तेव्हां क्लार्कसाहेबांना आपोआप उत्तर मिळतें. वाद जिंकण्यासाठीं तीं कोणी डकविलीं नव्हतीं. तेवढाच त्यांचा पुरावा अधिक भरंवशाचा.

मात्र या वह्यांत जें नाहीं, तेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. कॉलेजचा खर्च सोसूं शकणाऱ्या घरांच्याच मुली तेथें बहुसंख्य होत्या. ॲनिटा हेमिंग्ज हिनें आपला कृष्णवर्णीय वंश लपवून व्हॅसरमध्यें शिक्षण घेतलें. पदवीदानाच्या सुमारास तें उघडकीस आलें, तरी १८९७ सालीं तिला पदवी मिळाली. परंतु व्हॅसरचें द्वार तिच्या समाजाच्या मुलींना उघडपणें खुलें होण्यास १९४० साल उजाडावें लागलें. आनंदानें भरलेलीं तीं पानें चाळतांना दाराबाहेर राहिलेल्या मुलींचा विसर पडतां कामा नये.

आज या वह्यांचा कागद पिवळा पडला आहे, डिंक सुटत चालला आहे. आणि एके काळीं पोरखेळ वाटणाऱ्या या वस्तु ग्रंथालयें जपून ठेवीत आहेत. कॉलेजच्या अहवालांत नियम व आंकडे सांपडतात. त्या नियमांच्या छायेंत मुली कशा जगल्या, हें एखाद्या तिकिटाच्या तुकड्यावरून समजतें. घरांतील जुन्या पेटींत आजीची किंवा आत्याची अशी एखादी वही असेल, तर ती रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार उघडून पाहावी. स्त्रियांच्या इतिहासाचा पुष्कळसा भाग असाच, कोणी इतिहास न म्हणतां, जपला गेला आहे.