आधी आम्हांला विचारा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले खरे. पण मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. आमच्या घरावर जे गुदरले तेवढेच सांगते. आपल्यापैकी कित्येकींच्या घरचे दुकान भाड्याच्या जागेत आहे, म्हणून सांगण्याचे धाडस करते.

आमची पिठाची गिरणी भाड्याच्या गाळ्यात. करार ९ वर्षांचा, नोंदणी केलेला. त्यात एक कलम होते. मालकांना गाळा विकायचा झाला, तर बाहेरच्याकडून येणारी किंमत व अटी आधी आम्हांला कळवायच्या, आणि आम्ही ३० दिवसांत हो-नाही सांगायचे. सहाव्या वर्षी मालकांनी ३० लाख सांगितले. तेवढी ऐपत नव्हती, म्हणून आम्ही नाही कळवले. चार महिन्यांनी कानावर आले, की तोच गाळा २५ लाखांना दुसऱ्याला द्यायचे ठरले आहे! मालक म्हणाले, "तुम्ही एकदा नाही म्हटलेत, हक्क संपला."

जाते नि मोटर उचलून नेता येईल हो, पण आळीतले गिऱ्हाईक कसे न्यायचे? दोन दिवस घरात कुणाला अन्न गोड लागेना.

मी ट्रंकेतून करार काढला आणि ते कलम मोठ्याने वाचले. ह्यांना म्हटले, "आपण तिसाला नाही म्हटले. पंचविसाला आपल्याला विचारले कुणी?" वकिलांनीही तेच सांगितले: किंमत उतरली, की पुन्हा विचारले पाहिजे.

त्यांनी मालकांना आणि घेणाऱ्यालाही नोटीस दिली. घेणाऱ्याला का, ते लक्षात ठेवा. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याप्रमाणे, आधीचा करार ठाऊक नसताना प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्याला संरक्षण आहे. ठाऊक असणाऱ्याला नाही. शिवाय गाळ्यात कुणी धंदा करीत बसला असेल, तर त्याचा हक्क काय, याची चौकशी घेणाऱ्यानेच करायची असते. नोटीस पोचताच त्याने अंग काढून घेतले. मालक पंधरा दिवस धुमसले, मग २५ लाखांनाच कबूल झाले. माझ्या पाटल्या गेल्या, बँकेचे हप्ते अजून चालू आहेत. पण गिरणी जागेवर आहे.

आता तीन गोष्टी. पहिली: भाडेकरू आहोत म्हणून हा हक्क आपोआप मिळत नाही, तो करारात लिहून घ्यावा लागतो. किंमत उतरली तर पुन्हा विचारावे, हेही स्पष्ट लिहून घ्या. दुसरी: करार नोंदवा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तिसरी: विक्री झालीच, तर स्वस्थ बसू नका, असा हक्क बजावायला मुदत एकच वर्षाची असते.

आणखी एक, खास आपल्यासाठी. वडील मृत्युपत्र न करता गेले आणि भावाने वारशातला आपला हिस्सा विकायला काढला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २२ व्या कलमाने तो आधी घेण्याचा हक्क बहिणीलाही आहे.

तेव्हा बायांनो, घरातले कागद पुरुषांचे म्हणून बाजूला ठेवू नका. सावकाश वाचा, अडेल तिथे विचारा.