आशा पुथली यांचे गाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी, पनवेल येथे केलेले भाषण)



गाण्यावर बोलायचे म्हटल्यावर हिराबाई बडोदेकर किंवा किशोरीताई आमोणकर यांचे नाव निघेल, असे तुम्हांला वाटले असेल. त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज आशा पुथली यांच्याविषयी सांगणार आहे. बाई मुंबईच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. पण हे नाव येथे फार थोड्या जणींनी ऐकले असेल.

जन्म १९४५ चा. लहानपणी त्या आपले शास्त्रीय संगीत शिकल्या, पाश्चात्त्य ऑपेराचे गायनही शिकल्या. ओढा मात्र जाझकडे. मुलीने गाणे शिकावे ते पाहायला आलेल्या मंडळींपुढे एखादे भावगीत म्हणण्यापुरते, असा तो काळ! या बाईंनी हवाई सुंदरीची नोकरी केली आणि पुढे मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्क गाठले.

तेथे १९७१ साली ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवादकाच्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीसाठी त्या दोन गाणी गायल्या. कोलमन यांचे संगीत ठरीव स्वरमेळांवर चालत नाही, त्यामुळे गाणारीला पुढचा सूर शोधायला आधारच राहत नाही. मला वाटते, तेथे आशाबाईंच्या कामी आली ती आपली आलापी. आपल्याकडे षड्ज मनात पक्का धरून गातात; मागे स्वरमेळ नसला म्हणून अडत नाही.

१९७३ च्या त्यांच्या पहिल्या स्वतंत्र तबकडीत जॉर्ज हॅरिसन यांचे एक गाणे आहे. त्यात पाण्याचे बुडबुडे, कुजबुज, हसणे, सारेच आवाज गाण्यात शिवलेले. आपण जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतो ना, तसे. सगळेच मला आवडते असे नाही. पण धिटाई आहे खरी.

१९७६ साली त्यांचे ‘स्पेस टॉक’ आले. गंमत अशी, की १९९७ साली नोटोरियस बी.आय.जी. या अमेरिकन गायकाच्या तबकडीत त्याच गाण्याचा तुकडा कापून जोडलेला आढळतो. म्हणजे यांचा सूर आता दुसऱ्याच्या गोधडीत! ऐकणाऱ्या किती जणांना तो कोणाचा हे ठाऊक असेल? मधल्या काळात मुलाला वाढवण्यासाठी बाईंनी गाणे मागे ठेवले होते. ते कसे मागे ठेवले जाते, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको. २०२४ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या इंग्लंडमधील ग्लास्टनबरी महोत्सवात उभ्या राहून गायल्या.

आता कोलमन यांच्याबरोबरचे त्यांचे एक गाणे लावणार आहे. प्रथम विचित्र वाटेल. पण कोणी उठू नका; चहा त्यानंतरच आहे.