मेणबत्तीचा आरसा विकत घेतांना

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यांत असलेलें माण हें गांव गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत शेतीवाडीचें गांव म्हणूनच ओळखलें जात असे. शेजारीं हिंजवडीला संगणकाच्या उद्योगांची वसाहत झाली, तिचा पसारा वाढत वाढत माणच्या शिवारांत शिरला, आणि जेथें बांधावरून पायवाट जात होती तेथें वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींतील घरें एकाच सांच्यांतून काढल्यासारखीं असतात. भिंती पांढऱ्या, दिवे छतांत लपविलेले, सर्वत्र सारखाच उजेड. अशा घरांत राहावयास आलेल्या माणसाला वर्ष-सहा महिन्यांत एक हुरहूर लागते. भिंतीवर कांहीं तरी जुनें असावें, ज्याला मागची कांहीं हकीकत आहे असें असावें, असें त्याला वाटूं लागतें. मग एखाद्या दुकानांत त्याची नजर सोनेरी चौकटीच्या आणि दोन्ही बाजूंस पितळी शमादानें जडविलेल्या आरशावर खिळते.

हा आरसा घ्यावयाचा तर प्रथम एक गैरसमज सोडावा लागतो. ज्याला मेणबत्तीचे हात फुटले आहेत तो आरसा तोंड पाहण्यासाठीं केलेलाच नव्हे. तो एक दिवा आहे. भिंतीवरच्या दिव्याला मराठींत दिवालगीर हा फारसी वळणाचा शब्द होता. त्या दिवालगिरीच्या पाठीशीं आरसा उभा केला इतकेंच. आजचा साधा विजेचा दिवा साठ-पासष्ट मेणबत्त्यांइतका उजेड देतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे जुन्या काळीं एकेका ज्योतीची केवढी मातबरी असेल याची कल्पना येते. निम्मा उजेड भिंतीनें गिळावयाचा, तो आरशानें परतवून खोलींत टाकावयाचा, हा त्यांतला हिशेब. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बहिर्गोल भिंगाचे वाटोळे आरसे निघाले. त्यांच्या शिरावर पंख पसरलेला गरुड असे, खालून शमादानाचे वांकडे हात निघत, आणि त्या फुगीर काचेंत सारा दिवाणखाना, दिव्यांसकट, मुठीएवढा होऊन मावत असे. त्यांत नाकाचा भोपळा दिसतो म्हणून तो नापसंत करणारें गिऱ्हाईक वस्तु काय आहे हेंच समजलेलें नसतें.

महाराष्ट्राच्या जुन्या घरांत ही वस्तु सहसा नव्हती. येथें उजेड तेलाचा. समई, ठाणवई, हातांत दिवटी. आरसा असे तो फणीकरंड्याच्या पेटींत झांकणाच्या आंतल्या बाजूस, आणि काम झालें कीं पेटी मिटली जाई. भिंतीवरच्या मोठ्या बिलोरी आरशांचा शौक दरबारांतला. अठराव्या शतकाच्या मध्यास कच्छच्या राव लखपतींनीं भुज येथें ऐना महाल उभारला. तो घडविणारा रामसिंग मालम हॉलंडांत कांच व घड्याळें करण्याची विद्या शिकून आला होता. पुण्याच्या शनिवारवाड्यांतहि आरसे महाल होता. तो वाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत जळाला, आणि तट, दरवाजे व जोतीं तेवढीं राहिलीं. म्हणून "हा पेशव्यांच्या वाड्यांतला आहे" असें दुकानदारानें सांगितलें तर ऐकून घ्यावें, मान डोलवावी, आणि त्या वाक्याबद्दल एक रुपयाहि अधिक देऊं नये.

बाजारांत मिळणारे खरे जुने आरसे बहुधा दुसऱ्या वाटेनें आलेले असतात. मुंबईच्या पारशी सावकारांच्या हवेल्या, इंग्रजांचे बंगले, गोव्यांत शासष्टीकडचीं जमीनदारांचीं मोठालीं घरें, संस्थानिकांचे राजवाडे अशा ठिकाणांहून, वांटण्या झाल्या आणि वाडे पडले तसतसे, ते मुंबईच्या चोर बाजारांतल्या मटण स्ट्रीटवर आणि पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारांत उतरत आले. त्यांतले पुष्कळसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतले. दोनशें वर्षांचा क्वचित्, अडीचशेंचा त्याहून क्वचित्.

आतां माणच्या अशाच एका जोडप्याला दुकानांत उभें असलेलें कल्पावें. दुकानदार काचेवर फडकें फिरवीत म्हणतो, "साहेब, अस्सल बेल्जमचा माल आहे. अडीचशें वर्षांचा." बाई जवळ जाऊन पाहतात व म्हणतात, "पण दादा, याचा पारा उडालाय कीं. खालीं सगळे डाग आहेत." "त्याची काळजी सोडा, ताई. आठ दिवसांत नवा पारा चढवून देतों. एकदम लख्ख!"

या चार वाक्यांत सारी मेख आहे. बेल्जियम हें राष्ट्रच १८३० सालीं जन्मास आलें. तेव्हां अडीचशें वर्षांच्या 'बेल्जमच्या' आरशाचें वय दुकानदारानें जिभेवरच वाढविलें आहे. जुन्या जाड काचेला सरसकट बेल्जम म्हणण्याची आपल्या बाजारांत रीत आहे, आणि त्या शब्दाला तेवढीच किंमत द्यावी. परंतु खरा धोका पुढच्या बोलण्यांत आहे. पारा उडाला ही तक्रार नव्हे. तो उडालेला पाराच या वस्तूचा जन्मदाखला आहे.

कारण असें कीं, पूर्वीं आरशाच्या पाठीला खरोखरच पारा असे. सपाट मेजावर कथलाचा पातळ पत्रा अंथरावयाचा, त्यावर पारा ओतावयाचा, वरून काच सरकवीत आणून वजनें ठेवावयाचीं, आणि मग मेज तिरपें करून जास्तीचा पारा कित्येक दिवस निथळूं द्यावयाचा. या कारखान्यांतल्या कामगारांना पाऱ्याच्या वाफेनें हातापायांचा कंप जडे. १८३५ सालीं लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें काचेवर चांदीचा थर बसविण्याची रासायनिक क्रिया दाखविली. ती पुढें कारखान्यांत रुळली, आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशीं पारा या धंद्यांतून गेला. बोलींत मात्र तो राहिला. आजच्या आरशांत पाऱ्याचा थेंब नसतो, तरी त्याचा पारा उडतोच!

हे दोन प्रकार ओळखणें फारसें कठीण नाहीं. पांढरा कागद काचेला लावून धरावा. कथील-पाऱ्याच्या आरशांत त्याचें प्रतिबिंब किंचित् निळसर, करडें दिसतें. चांदीच्या आरशांत अधिक उजळ आणि उबदार. पहिल्याचे डाग राखाडी, चमचमणाऱ्या कणांचे, आणि बहुधा खालच्या कडेला दाट, कारण पारा वर्षानुवर्षें खालींच उतरत आलेला असतो. दुसऱ्याचे डाग काळपट असतात, आणि मागें चांदीवर रंगाचा लेप असतो. चांदीचा आरसा म्हणजे खोटा आरसा असें नव्हे. तोहि सव्वाशें वर्षांचा असूं शकतो. फक्त त्याला अठराव्या शतकाचा म्हणून विकूं नये.

नवा थर चढविण्यासाठीं जुना थर खरवडून काढावा लागतो. तो एकदा गेला कीं उरते नुसती काच. आणि लख्ख आरसा हवा असेल तर तो कोणत्याहि काचेच्या दुकानांत याहून पुष्कळ स्वस्त मिळतो. कथील-पाऱ्याची पाठ घरीं खरवडणें तर आरोग्यालाहि घातक. तेव्हां त्या बाईंनीं "डाग राहूं द्या, दादा, आहे तसाच हवा," एवढेंच म्हणावें. यानें दुकानदार भाव उतरवील कीं चढवील हें त्याच्या हुशारीवर अवलंबून आहे.

उत्तम परीक्षा मात्र वस्तूच्याच धर्मानें करावयाची, म्हणजे ज्योतीनें. दुकानांतले दिवे मालवावयास सांगून, काचेपासून हातभर अंतरावर एक मेणबत्ती धरावी आणि बाजूनें तिरपें पाहावें. एक ज्योत काचेच्या पुढच्या अंगांत फिकट दिसते, दुसरी मागच्या थरांत ठळक; दोहोंतलें अंतर म्हणजे काचेची जाडी. मग मेणबत्ती सावकाश आडवी न्यावी. प्रतिबिंब सरळ रेषेंत, न लचकतां सरकलें, तर काच बहुधा वितळलेल्या कथलावर तरंगवून केलेली आहे. ती रीत इंग्लंडांतल्या पिल्किंग्टन कारखान्यानें १९५९ सालीं जाहीर केली. ज्योत जागोजागीं लचकली, लांबट झाली, पुन्हां आखडली, तर काच त्याआधींच्या पद्धतीची असण्याचा संभव आहे. कडेच्या तासावरून बोट फिरवावें. हातानें घासलेला तास इतका उथळ असतो कीं तो बोटालाच कळतो, डोळ्याला नाहीं. यंत्राचा तास धारदार आणि सर्वत्र सारखा.

काच जुनी आणि चौकट नवी, किंवा चौकट जुनी आणि शमादानें काल-परवांचीं, अशीं लग्नें बाजारांत नित्य लागतात. चौकटीवर सोन्याचा वर्ख असेल तर झिजल्या जागीं खालचा तांबूस वा पिवळा लेप डोकावतो, पण सोनें काळवंडत नाहीं. पितळी भुकटीचा रंग मात्र कालांतरानें तपकिरी होतो. शमादानाच्या वाटींत मेणाचे जुने कीट आहे कीं विजेची तार घालण्यासाठीं भोंक पाडलें आहे, हें पाहावें. भोंक पाडलें म्हणजे वस्तु टाकाऊ होत नाहीं. जुन्या घरांत वीज आली तेव्हां मालकांनींच तें पाडलेलें असतें. परंतु किंमत ठरवितांना त्याचा उल्लेख व्हावा. मुरादाबादेकडील नवें ओतींव पितळ आम्लानें काळें करून जुनें म्हणून खपविलें जातें. तें उलटून पाहिलें तर न दिसणाऱ्या जागाहि सारख्याच काळ्या असतात. हातांच्या वापरानें झिजलेलें पितळ उंचवट्यांवर उजळ आणि खांचांत काळें असतें.

डोळा तयार होण्यासाठीं आधीं दुकानांत नव्हे, तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जावें. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणाऱ्या केळकरांनीं आपल्या बालवयांत वारलेल्या मुलाच्या नांवें तो वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह उभा केला आणि सरकारला देऊन टाकला. तेथले दिवे तासभर पाहिले तर हातानें घडविलेल्या पितळेचें अंग कसें असतें हें कळतें; मग दुकानांत फसणें अगदीं अशक्य नसलें तरी अवघड होतें.

आरसा माणला आणल्यावरहि प्रश्न आहेतच. वाहतुकींत तो उभाच, आणि मूळच्याच दिशेनें वर-खालीं असावा. कथील-पाऱ्याचा आरसा उलटा करूं नये. पावसाची ओल झिरपणारी बाहेरची भिंत टाळावी, दुपारचें ऊन टाळावें. वरची कड किंचित् पुढें झुकवून टांगावा, म्हणजे तो छताऐवजीं खोली दाखवितो. काचेवर पाणी फवारूं नये, कोरडें मऊ फडकें पुरे. शमादानांत मेणबत्त्या लावण्याचा मोह होणारच. पण शतकभर टिकलेला थर उष्णतेनें सुटतो, म्हणून ज्योत काचेच्या फार जवळ येत असेल तर ती दिवाळीच्या एखाद्या संध्याकाळीं, घटकाभरच लावावी.

राहिली कायद्याची बाजू, आणि माणच्या लोकांना ती विशेष लागू आहे, कारण त्यांच्यांतल्या अनेकांची नोकरी केव्हां परदेशीं जाईल याचा नेम नसतो. १९७२ सालीं झालेला पुरावस्तूंचा कायदा १९७६ सालापासून अमलांत आहे. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तु ही त्या कायद्यानें पुरावस्तु. तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो आणि ती खासगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहीं. देशांतल्या देशांत बाळगण्यास हरकत नाहीं. म्हणून परवाना पाहावा आणि पावतीवर वस्तूचें वर्णन व सांगितलेला काळ लिहून घ्यावा. तोंडानें अडीचशें वर्षें सांगणारा पुष्कळदां लिहितांना 'जुना आरसा' एवढ्यावरच थांबतो. पुढें सामान परदेशीं न्यावयाचें झालें तर वस्तु पुरावस्तु नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. तो दाखला नाकारला गेला, तर आरसा माणच्याच भिंतीवर किंवा एखाद्या नातलगाच्या घरीं ठेवून जावें लागेल. आणि विनासायास मिळाला, तर दुकानदाराला मोजलेले पैसे कशाचे होते हें त्याच कागदावरून कळेल.