शार्डोने, हापूस आणि बांगड्याचं तिखलं

आजचा भाग देवगडहून रेकॉर्ड करतोय. पडवीत आंब्याची आढी लागलीय, घरभर वास सुटलाय, आणि विषय आहे वाईन. त्यातही शार्डोने.

मागच्या वर्षी गावी येताना मी शार्डोनेची एक बाटली आणली. घरात बेत होता बांगड्याच्या तिखल्याचा. काकांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "कडू लागता रे ह्या!" बाटली तशीच फ्रीजमध्ये राहिली. घरात ठरून गेलं, शार्डोने आपल्यासाठी नाही.

चूक माझी होती. मी फक्त द्राक्षाचं नाव वाचून बाटली उचलली होती.

आता बघा, शार्डोने ही मूळची फ्रान्समधल्या बरगंडीची जात. 1999 साली डीएनए तपासणीतून कळलं की तिचे आईबाप पिनो आणि गुए ब्लां. पिनो मानाचं, तर गुए ब्लां अगदी साधंसुधं द्राक्ष. या शार्डोनेला स्वतःचा असा ठसठशीत वास फारसा नसतो. त्यामुळे ती कुठे वाढली आणि बनवणाऱ्याने तिचं काय केलं, हेच ग्लासात उतरतं.

फ्रान्समध्येच शाब्ली नावाचा थंड भाग आहे. तिथल्या चुनखडीच्या मातीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कालवांचे शिंपले सापडतात. तिथली शार्डोने बऱ्याचदा स्टीलच्या टाकीत बनते. चव आंबटसर, हिरव्या सफरचंदासारखी. तेच द्राक्ष कॅलिफोर्नियाच्या उन्हात पिकलं की अननसाकडे झुकतं. वाईनमधल्या मॅलिक आम्लाचं बॅक्टेरियांनी लॅक्टिक आम्ल केलं, म्हणजे दह्यात असतं ते, की लोण्याचा वास येतो. ओकच्या पिंपात ठेवली की व्हॅनिला, कधी चक्क नारळाचा वास! आणि फक्त शार्डोनेची शॅम्पेन असेल तर तिला 'ब्लां द ब्लां' म्हणतात.

आपल्याकडे नाशिकला शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां जास्त दिसतात, पण शार्डोनेही बनते. अकलूजची फ्रातेल्ली ती बनवते.

खरं तर देवगडकराला हे कळायला वेळ लागू नये. हापूस तोच, पण पेंढ्याच्या आढीत सावकाश पिकलेला वेगळा आणि पावडर लावून घाईत पिवळा केलेला वेगळा. झाड तेच, पण कातळावरचं वेगळं. म्हणून तर बाहेरचा आंबा 'देवगड'च्या पेटीत भरून विकला की आपलं डोकं फिरतं. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये जीआय मिळालं ते याचसाठी. शाब्लीवाल्यांनीही हे भोगलंय. अमेरिकेत कित्येक वर्षं स्वस्त पांढऱ्या वाईनवर 'शाब्ली' छापलं जायचं, आत शार्डोने असो वा नसो.

मग माझं काय चुकलं? ती बाटली ओकमधली होती. ओकचा तुरटपणा आणि अल्कोहोल, दोन्ही मिरचीचा जाळ वाढवतात. तिखल्यासोबत सोलकढीच हवी, तिथे वाईनने पडू नये.

या वेळी मी बाटलीच्या मागचं लेबल वाचून बिनओकची आणली. चांगली थंड केली, आठ-दहा अंशांवर. सोबत खाडीतली कालवं, नुसती वाफवून, वर लिंबू. काका काही बोलले नाहीत, पण बाटली त्या रात्रीच संपली. ओकमधली असेलच, तर ती नारळाच्या रसातल्या, कमी तिखट कोळंबीसोबत घ्या, आणि इतकी गार करू नका.

तेव्हा दुकानात 'शार्डोने द्या' एवढंच म्हणू नका. विचारा: कुठली? ओकमधली की बिनओकची? आंबेवाल्याला विचारता ना, अगदी तसंच.

आणि हो, वयात बसत असाल आणि घेत असाल, तरच. गाडी चालवायची असेल तर नाहीच.

चला, आढी उलटायला हाक आलीय. भेटू पुढच्या भागात!