पाहुणे कोटांतच कां जातात ?



मुंबईस पाहुणा आला कीं यजमान त्याला प्रथम कोटांत नेतो. सिद्धिविनायकास किंवा महालक्ष्मीस जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. ते दर्शनाला जातात, शहर पाहावयास नव्हे. शहर पाहावयाचें म्हणजे बोरीबंदर, राजाबाईचा मनोरा, वस्तुसंग्रहालय आणि पालवा बंदरावरील गेटवे. गिरगांव, लालबाग, माटुंगा येथें खरी मुंबई नांदते. पण तीं स्थळें पाहुण्याच्या वाट्यास सहसा येत नाहींत.

याचें एक कारण उघड आहे. मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेंच्या उपनगरी गाड्या येथें येऊन थांबतात, आणि घारापुरीची लाँचहि येथूनच सुटते. परंतु नुसत्या सोईनें पाहुणे जमते, तर दादरासहि जमले असते. दादरास माणूस गाडी बदलतो, थांबत नाहीं.

माझ्या मतें खरें कारण इमारती नव्हेत, त्यांच्यापुढें मोकळी राहिलेली जमीन हें आहे. इंग्रजांच्या किल्ल्याभोंवतीं तट होता, आणि तटावरील तोफांना मारा करतां यावा म्हणून बाहेरची जमीन मुद्दाम उघडी ठेविली होती. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत (१८६२-६७) तो तट पाडण्यांत आला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें त्याच सुमारास आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. प्रेमचंद रायचंद यांनीं विद्यापीठास मोठी देणगी दिली आणि मनोऱ्यास आपल्या आईचें नांव दिलें. १८६५ सालीं बाजार कोसळला, त्यांत प्रेमचंदशेटहि बुडाले. मनोरा मात्र १८७८ सालीं पुरा झाला.

या इमारतींनीं मैदान गिळलें नाहीं. त्या त्याच्या कांठानें ओळीनें बसल्या. म्हणूनच त्या दिसतात. हाच मनोरा भुलेश्वराच्या गल्लींत असता, तर मान मोडेपर्यंत वर पाहूनहि तो अर्धाच दिसला असता! ओव्हल मैदानावर उभें राहावें : पूर्वेस विद्यापीठ व उच्च न्यायालय, पश्चिमेस समुद्र हटवून केलेल्या भरणीवर १९३० नंतर उठलेलीं वाटोळ्या सज्ज्यांचीं घरें, आणि मध्यें क्रिकेट खेळणारीं पोरें. या दोन्ही रांगांना मिळून युनेस्कोनें २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान दिला. बोरीबंदरास तो २००४ सालींच मिळाला होता.

सहलीस नेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मात्र काळ्या घोड्याचेंच कुतूहल अधिक. त्यावर बसलेले सातवे एडवर्ड १९६५ सालीं घोड्यासकट तेथून हलले. नांव घोड्याचें राहिलें, राजाचें नाहीं. २०१७ सालीं तेथें पुन्हा घोडा आला, पण स्वारावांचून. मुलांना हा न्याय फार आवडे.

आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज हे एकाच जुन्या मैदानाचे रस्त्यांनीं केलेले तुकडे आहेत. एखादा कोपरा थोड्या दिवसांपुरता मागणारे या शहरांत नेहमीच असतात, आणि त्यांचें काम बहुधा चांगलेंच असतें. अडचण तीच आहे. कारण येथें येणारे सगळेच परगांवचे नसतात. रविवारीं विरारहून, कल्याणहून, गोवंडीहून कुटुंबें येतात. एका खोलींत आठवडा काढलेलीं तीं माणसें गेटवे पाहतात, मग ओव्हलमधल्या वाटेनें सावकाश समुद्राकडे चालत जातात. या चालण्यास तिकीट पडत नाहीं.