नगरची ॲना आणि आमच्या घरची पणजी
(मंडळाच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही वक्ते नाही. सरकारी खात्यात नोकरी, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा, आणि आयुष्य गेले ते दुसऱ्यांच्या मिळकतीच्या नोंदी तपासण्यात. "आम्ही" असे म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. हे काम एकट्याचे नाही. वाचनालयात दर रविवारी जमणारे आम्ही चौघे: एक निवृत्त शिक्षिका, एक बँकेतले गृहस्थ, एक कॉलेजात शिकणारी मुलगी आणि मी. जुने इंग्रजी वळणदार अक्षर आमच्यात सर्वांत चांगले त्या मुलीलाच लागते, हे आधीच कबूल करतो.

गेल्या वर्षी एका रविवारी शिक्षिकाबाईंनी विचारले, "तो 'द किंग अँड आय' सिनेमा आठवतो का? सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी ती गोरी बाई?" आठवत होता. 1956 चा सिनेमा, त्याआधी 1951 चे संगीत नाटक, त्याच्याही आधी 1944 मध्ये मार्गारेट लँडन यांची कादंबरी. थायलंडात या सिनेमावर बंदी आहे, हेही कुठेतरी वाचले होते. बाई म्हणाल्या, "ती बाई आपल्या नगरची." आम्ही हसलो. घरी जाऊन वाचायला लागलो, आणि हसू थांबले.

बाईंचे नाव ॲना लिओनोवेन्स. तिने स्वतःबद्दल जे सांगितले ते असे: जन्म 1834 साली वेल्समध्ये, कार्नार्व्हन गावी. माहेरचे नाव क्रॉफर्ड. वडील लष्करात कॅप्टन. नवरा लष्करात मेजर, तो वाघाच्या शिकारीत ऊन लागून वारला. मग ही कुलीन विधवा दोन मुलांना घेऊन उभी राहिली, आणि 1862 मध्ये मोंगकुट राजाच्या दरबारी बँकॉकला शिक्षिका म्हणून गेली. पुढे चुलालोंगकोर्न राजा झाला तो तिचा विद्यार्थी. 1867 मध्ये तिने सयाम सोडले, 1870 मध्ये पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत नाव कमावले. शेवटी कॅनडात स्थायिक झाली, हॅलिफॅक्सला 1887 मध्ये कलाशाळा काढण्यात पुढाकार घेतला, आणि 1915 मध्ये माँट्रियलला वारली. तिथल्या तिच्या थडग्यावरही ती मेजरची पत्नी असेच कोरले आहे. दगडावर कोरलेले आहे म्हणजे खरेच असणार, असे कुणालाही वाटेल.

आता नोंदी काय म्हणतात ते पाहा. जन्म 26 नोव्हेंबर 1831, अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. बाप्तिस्म्यातले नाव ॲन हॅरिएट एमा एडवर्ड्स. वडील थॉमस एडवर्ड्स, मूळचे लाकूडकाम करणारे कारागीर, मुंबई इलाख्याच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत सार्जंट. मुलगी जन्मली तेव्हा त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. आई मेरी ॲन ग्लास्कॉट हिने पुढे पॅट्रिक डोनोहो नावाच्या आयरिश कॉर्पोरलशी लग्न केले. ॲनाचे लग्न 25 डिसेंबर 1849 रोजी, नाताळच्या दिवशी, पुण्याच्या चर्चमध्ये झाले. नवऱ्याचे नाव थॉमस लिऑन ओवेन्स, पेशा कारकुनी. लग्नाच्या दाखल्यावर त्याने आपले मधले नाव आणि आडनाव जोडून "लिओनोवेन्स" करून टाकले. 1852 मध्ये दोघे सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला गेले. पहिली मुलगी दीड वर्षाची होण्याआधीच गेलेली, प्रवासात जहाजावर जन्मलेला मुलगाही वर्षभराने गेला. तिथून पुढे पेनांग. पेनांगात थॉमस हॉटेल सांभाळत असे. मे 1859 मध्ये तो मेंदूच्या झटक्याने वारला. वाघ नाही, शिकार नाही, मेजरकी नाही.

हे उघडकीला कसे आले, ते ऐकण्यासारखे आहे. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ होते. त्यांचा विषय कोळी, म्हणजे जाळे विणणारा कोळी. थायलंडला त्यांचे जाणे-येणे असे, आणि ॲनाचा मुलगा लुई याच्यावर त्यांना पुस्तक लिहायचे होते. आई सांगे, लुई लंडनला जन्मला. ब्रिस्टो यांनी जन्माचा दाखला शोधला, सापडला नाही. सापडणार कुठून? मुलगा 1856 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लिंटन नावाच्या वस्तीत जन्मला होता. दुसरा कुणी असता तर दप्तर अपुरे म्हणून सोडून देता. ब्रिस्टो यांनी धागा सोडला नाही, आणि तो धागा थेट नगरपर्यंत आला. 1976 मध्ये त्यांनी हे छापले. पुढे 2008 मध्ये सुझन मॉर्गन आणि 2014 मध्ये आल्फ्रेड हॅबेगर यांनी मोठी चरित्रे लिहिली. आम्ही सांगतो ते या मंडळींच्या कष्टावर उभे आहे.

कंपनी सरकारच्या दप्तराची पद्धत आम्हांला फार आवडली. छावणीतला पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी वहीत करी. त्या नोंदींच्या नकला इलाख्याच्या ठाण्याला जात, आणि तिथून लंडनला. मूळ वही इथे राहिली, नक्कल तिकडे पोहोचली. त्या नकला आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन वेगळ्या मालिका. ॲनाने कागद बदलले नाहीत, तिला ते शक्यच नव्हते. तिने फक्त तोंडी हकीकत बदलली, आणि पुरावा सहा हजार मैलांवर गप्प पडून राहिला.

आमच्या कचेरीत वारसाईची नोंद करायची तर तलाटी पंचांच्या समक्ष पेढीनामा करतो. (महाराष्ट्रातले आमचे नातेवाईक याला वंशावळ म्हणतात, आणि पेढीनामा म्हटले की हसतात.) त्या कामात एक गोष्ट आम्ही शिकलो. माणसाच्या हातून चूक होते तेव्हा ती कुठल्याही बाजूला होते. वय कधी दोन वर्षे जास्त लागते, कधी कमी. पण सगळ्या चुका एकाच दिशेला पडू लागल्या, की तिथे चूक नाही, हेतू आहे असे समजावे. ॲनाचे बघा. सार्जंटचा झाला कॅप्टन. कारकुनाचा झाला मेजर. नगरचे झाले वेल्स. वय तीन वर्षांनी कमी. एकही बदल खालच्या दिशेने नाही.

मग ती खोटारडी होती का? शिक्षिकाबाईंचा आणि बँकेतल्या गृहस्थांचा यावर दोन रविवार वाद झाला. गृहस्थ म्हणाले, फसवणूक ती फसवणूक. बाई म्हणाल्या, पदरात दोन पोरे, वय सत्तावीस, परका मुलूख, आणि गोऱ्यांच्या त्या समाजात शिपायाच्या पोरीला कोण आपली मुले शिकवायला देणार? यावर गृहस्थ म्हणाले की भूक एकदा भागल्यावर पुढे पन्नास वर्षे तेच सांगत राहायचे कारण काय? आम्हांला दोघांचेही थोडे थोडे पटते.

पण त्या समाजात वडिलांच्या हुद्द्याहून मोठी अशी आणखी एक गोष्ट लपवायची होती. ॲनाचे आजोबा विल्यम ग्लास्कॉट हे बाँबे नेटिव्ह इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीत अधिकारी होते. 1810 मध्ये ते हिंदुस्थानात आले. अधिकाऱ्याची नेमणूक, बदली, मृत्यू, सगळे दप्तरात असते, तसे त्यांचेही आहे. पण त्यांच्या मुलांच्या आईचे, म्हणजे ॲनाच्या आजीचे, नाव कुठेच नाही. मॉर्गन यांचे म्हणणे असे की गोऱ्या बायकोचे नाव असे गाळले जात नसे, तेव्हा ही आजी युरोपियन नव्हती. त्या काळी अशा मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव असे, आणि आईच्या जागी पुष्कळदा काहीच नसे, किंवा नुसते "नेटिव्ह स्त्री" एवढेच असे. ॲना शिकली ती भायखळ्याच्या बाँबे एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, जिथे बाप गेलेली किंवा दूर असलेली फौजी मुले घेत, मिश्र रक्ताचीही घेत. याच सोसायटीची पुढची शाळा म्हणजे देवळालीचे बार्न्स स्कूल. आपल्यापैकी काहींच्या ओळखीतले लोक तिथे शिकलेले असतील.

नोंद नसणे हा पुरावा धरावा का? कचेरीत आम्ही धरत नाही. पण दहा खाती भरलेली आणि अकरावेच रिकामे असले, तर ते रिकामे का, हा प्रश्न मात्र लिहून ठेवतो.

गुजरातेत राहणाऱ्या आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. ॲनाची थोरली बहीण एलायझा. तिचे लग्न 1845 मध्ये डीसाच्या छावणीत जेम्स मिलार्ड या तोफखान्याच्या सार्जंट-मेजरशी झाले. त्यांची मुलगी 1848 मध्ये अहमदाबादला जन्मली, आणि 1864 मध्ये सुरतेला एडवर्ड प्रॅट या सरकारी नोकराशी तिचे लग्न झाले. या प्रॅट दांपत्याचा एक मुलगा 1887 मध्ये लंडनला जन्मला, विल्यम हेन्री. मोठेपणी त्याने नाव घेतले बोरिस कार्लोफ. होय, 1931 च्या "फ्रँकेन्स्टाइन" सिनेमातला तो राक्षस! डीसा, अहमदाबाद, सुरत आणि मग हॉलिवूड. ॲनाने मात्र या बहिणीशी आणि सगळ्या माहेराशी संबंध तोडले. तोडणे भागच होते, कारण बहीण दारात उभी राहिली असती तर वेल्सची गोष्ट तिथेच संपली असती. आमच्या मते तिने सर्वांत मोठी किंमत दिली ती इथे.

आता घरचे सांगतो. हे सांगू की नको असे बरेच दिवस चालले होते.

आमचा कुलवृत्तांत छापायचा चालला आहे. आजोबांनी हाताने लिहिलेली वंशावळ घरात होती. तिच्यात त्यांच्या आईचे नाव एक आहे आणि माहेर साताऱ्याकडच्या चांगल्या घराण्याचे दाखवले आहे. ॲनाचे वाचून झाल्यावर आम्हांला वाटले, इतरांचे खोदतो आहोत, आपले तरी पाहावे. ट्रंकेत पणजोबांच्या गायकवाडी नोकरीच्या पेन्शनचा कागद निघाला. त्यांच्यामागे विधवेला मिळायच्या रकमेवर पणजीचा अंगठा, आणि शेजारी तिच्या वडिलांचे नाव. ते वंशावळीतल्या आडनावाशी जुळेना. मग नाशिकला गेलो. तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याचे पान निघाले. पणजोबांनी स्वतः येऊन लिहवून घेतलेले, खाली सही. त्यात पणजीच्या नावापुढे एक शब्द होता: "पाट".

लहान मुलांसाठी सांगतो. पाट म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. आमच्या घरात ते झाले होते, आणि आजोबांनी ते वंशावळीतून काढून टाकले होते. माहेर बदलले, नाव बदलले. सगळ्या चुका एकाच दिशेला.

तीन कागदांत कुठला धरायचा, याचा निर्णय कठीण नव्हता. ज्याने लिहिले तो घटनेच्या जवळ होता का, त्याला लपवण्यात काही फायदा होता का, एवढेच पाहायचे. पणजोबा तीर्थाच्या ठिकाणी खोटे लिहवणार नाहीत. पेन्शन कचेरीला पणजीच्या माहेराशी काही देणेघेणे नव्हते. आजोबांना होते. त्या वर्षी त्यांच्या बहिणीचे लग्न जमायचे होते, हे आम्हांला नंतर कळले.

कठीण होते ते आत्यांना विचारणे. आत्यांचे वय चौऱ्याऐंशी. आम्ही घाबरत घाबरत वहीचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, वाचले, आणि म्हणाल्या, "अरे, हे आम्हा बायकांना सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही पुरुषांनी कधी विचारलंच नाही."

आम्ही विचारले, "आत्या, मग छापू का?"

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आजोबांनी खोटं लिहिलं असं छापू नकोस. बहिणीसाठी लिहिलं त्यानं. पण आजीचं खरं नाव छाप. तिचं पहिलं नाव. ते मला ठाऊक आहे, तुझ्या त्या वहीतसुद्धा नाही." आणि त्यांनी ते सांगितले. आमच्यातल्या कॉलेजकन्येने तिथल्या तिथे लिहून घेतले, वर तारीख घातली, खाली आत्यांची सही घेतली. कचेरीची सवय तिलाही लागली आहे.

मी म्हटले, हे मंडळाच्या सभेत सांगायचे आहे. आत्या म्हणाल्या, "सांग की. पण मी समोर बसलेली असताना सांग." त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पणजीचे नाव मी इथून उच्चारणार नाही, तो मान त्यांचा आहे. सभा संपल्यावर ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी त्यांच्याजवळ जाऊन विचारावे. जरा मोठ्याने बोला, डाव्या कानाने कमी ऐकू येते.

दाराशी टेबलावर नाशिकच्या पानाची प्रत आणि पेन्शनचा कागद ठेवला आहे. हाताळताना चहाचे कप लांब ठेवा. आणि आपापल्या घरी जुने कागद असतील, मोडी असोत की इंग्रजी, तर येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयात घेऊन या. लॅमिनेशन मात्र करून आणू नका, शाई जाते. आणि शक्य असेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंनाही बरोबर आणा.